मुद्रण शाईची निवड

मुद्रण शाईची निवड : मुद्रणाची पद्धत, ज्यावर छापावयाचे तो पृष्ठभाग आणि छापील वस्तूचा पुढील उपयोग यांनुसार शाईचा प्रकार ठरविणे. रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा वाहक आणि अल्प प्रमाणात मिसळलेले शुष्कक, मेण इ. पूरक पदार्थ हे शाईचे घटक होत. ग्राहक बहुधा रंगछटेवरून शाई मागतो. परंतु छटा जुळविणे हे त्यामानाने सोपे काम आहे. शाई कोणत्या रीतीने वाळते, हा निवडीतील खरा प्रश्न होय.

वृत्तपत्राची काळी शाई मुख्यत्वे काजळी व खनिज तेल यांची बनविलेली असते. ती खऱ्या अर्थाने वाळतच नाही. तिच्यातील तेल सच्छिद्र कागदात मुरते व काजळी वर राहते. म्हणूनच ताजे वृत्तपत्र चाळताना बोटे काळी होतात. जवसाचे तेल वा अल्किड रेझिने यांवर आधारित शाई हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून घट्ट होते. या क्रियेस कोबाल्ट व मँगॅनीज यांची संयुगे गती देतात, तरी तिला काही तास लागतात. ग्रॅव्ह्यूर व फ्लेक्सोग्राफी यांच्या पातळ शायांतील विद्रावक काही क्षणांत उडून जातो. जंबुपार किरणांनी घट्ट होणारी शाई दिव्याखालून जाताच वाळते. यांपैकी एका प्रकारची शाई दुसऱ्याच्या जागी वापरल्यास छपाई प्रथमदर्शनी उत्तम दिसते आणि गठ्ठा बांधल्यावर बिघडते.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात मुद्रण व नियतकालिके यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघाले. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सुरू केलेले दीनमित्र हे सत्यशोधक साप्ताहिक तर याच जिल्ह्यातील खेड्यातून, प्रथम सोमठाणे व पुढे तरवडी येथून, १९६७ पर्यंत प्रसिद्ध होत असे. त्या काळातील खिळ्यांच्या छपाईला, म्हणजेच लेटरप्रेसला, दाट व चिकट शाई लागे. देवनागरी लिपीच्या बाबतीत हा दाटपणा विशेष महत्त्वाचा ठरतो. शाई पातळ झाली की ती खिळ्याच्या कडांवरून ओघळून अक्षरांची पोकळी भरून टाकते. घ आणि ध, भ आणि म यांमधील फरक बुजतो व अनुस्वाराचा ठिपका पसरतो. उलट ती फार चिकट असेल, तर हलक्या कागदाचे तंतू उपटून खिळ्यांवर बसतात. जिल्ह्यातील हिवाळ्याच्या सकाळी घट्ट झालेली शाई दुपारी सैल होते. त्यामुळे जाणते मुद्रक शाईत घासलेट न ओतता पट्टीवर शाई घोटून वा थोडे पातळ व्हार्निश घालून तिची श्यानता बेताची करीत. घासलेटाने शाई धावते खरी, पण रंगद्रव्याला धरून ठेवणारा वाहकच दुबळा होतो.

मराठी मुद्रणाच्या प्रारंभकाळी शाई विकत मिळण्यासारखी नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा शाई तयार करण्याचे प्रयोग त्यांना स्वतःच करावे लागले. शिलामुद्रणाचे तत्त्व तेल व पाणी यांच्या परस्परविरोधावर आधारलेले आहे [⟶ शिलामुद्रण]. आजच्या प्रतिरूप, म्हणजेच ऑफसेट, मुद्रणाचेही तत्त्व तेच आहे. त्यामुळे ऑफसेटची शाई पाण्यात विरघळणारी असून चालत नाही, मात्र थोडे पाणी सामावून घेण्याची तिची क्षमता असावी लागते. या पद्धतीत शाईचा थर अवघा एक ते दोन मायक्रॉन जाडीचा असल्याने रंगद्रव्याचे प्रमाण अधिक ठेवतात. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर त्यातील कॅल्शियमाचे क्षार रुळांवर साचतात आणि रुळ शाई घेईनासे होतात. दोष मात्र बहुधा शाईवर ढकलला जातो. कोकणातील पावसाळी दमट हवेत हीच शाई सावकाश वाळते व वरच्या कागदाच्या पाठीवर उमटते. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात पातळ शाईतील विद्रावक वेळेपूर्वीच उडून फ्लेक्सोच्या साच्यावर ती सुकते, तेव्हा सावकाश उडणारा विद्रावक मिसळावा लागतो.

पृष्ठभागाचा परिणाम पाहण्यासाठी साखर कारखान्याचे पोते हे उत्तम उदाहरण आहे. तागाचे पोते शाई शोषून घेते. त्यावर साधी, स्वस्त शाई टिकते. पॉलिप्रोपिलिनाच्या विणलेल्या पोत्यात मात्र काहीही मुरत नाही. तेथे विद्रावक उडून मागे राहिलेल्या रेझिनानेच प्लॅस्टिकला घट्ट धरावयाचे असते. संगमनेर परिसरात मोठ्या प्रमाणावर भरल्या जाणाऱ्या दुधाच्या पॉलिथिनाच्या पिशव्यांना हाच नियम लागू पडतो. छपाईपूर्वी पॉलिथिनाच्या पृष्ठभागावर विद्युत् विसर्जनाची प्रक्रिया करून त्याची पृष्ठ-ऊर्जा सुमारे ३८ डाइन प्रति सेंमी. पर्यंत वाढवितात, ही प्रक्रिया राहून गेल्यास उत्तमातील उत्तम शाईही चिकटपट्टी लावून ओढताच निघून येते. शिवाय ही शाई शीतगृहातील थंडी व ओल यांत टिकणारी असावी लागते.

उपयोगाचा विचार रंगद्रव्यापर्यंत पोहोचतो. प्रशियन निळा हा अल्कलीने नष्ट होतो, म्हणून साबणाच्या वेष्टनास तो अयोग्य ठरतो. चौकाचौकांतील शुभेच्छांचे फलक काही महिने उन्हात राहिले की नेत्यांचे चेहरे निळसर दिसू लागतात. कारण चतुरंगी शायांतील पिवळा व किरमिजी हे आधी विटतात, तर निळा व काळा टिकून राहतात. लग्नपत्रिकेच्या गडद कागदावर सोनेरी वा पांढरी अक्षरे ठसठशीत उमटावयाची असल्यास चाळणी मुद्रणाची, म्हणजेच स्क्रीन प्रिंटिंगची, अपारदर्शक शाई घेतात; तिचा थर ऑफसेटच्या अनेक पट जाड असतो. कार्यालयीन इंकजेट यंत्रात विरघळलेल्या रंगापेक्षा रंगद्रव्ययुक्त शाई पाण्यात व प्रकाशात अधिक टिकते. दस्तऐवजांसाठी तीच घ्यावी.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनात निवडीची चूक केवळ दिसण्यापुरती राहत नाही. छापलेली फिल्म गुंडाळून ठेवल्यावर तिची बाहेरची बाजू आतील बाजूस टेकते आणि शाईतील लहान रेणू तेथून अन्नात उतरू शकतात. २००५ मध्ये इटलीत बाळांच्या दुधात आयसोप्रोपिल थायोझँथोन हा जंबुपार शाईतील घटक आढळला व लक्षावधी लिटर दूध जप्त करावे लागले. तो खोक्याच्या बाहेरील छपाईतून आला होता. अशा वेष्टनांसाठी भारतात आय.एस. १५४९५ हे मानक असून त्यानुसार शाईतील अपायकारक घटक वर्ज्य केले आहेत.

वडे व भजी वृत्तपत्राच्या कागदात बांधून देण्याची रूढी या दृष्टीने सर्वांत वाईट होय. ही शाई मुळात मुरणारी, न वाळणारी. गरम तेल तिच्यातील खनिज तेल व रंगद्रव्य सहज सोडवून घेते. खनिज तेलाऐवजी सोयाबीन तेल वापरलेली शाईही याला अपवाद नाही, कारण तिच्यातील रंगद्रव्ये व पूरक पदार्थ खाण्यासाठी बनविलेले नसतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनी अन्न गुंडाळण्यासाठी व ठेवण्यासाठी वृत्तपत्राच्या वापरास मनाई केली आहे.