जुन्या खिडकीच्या जागी यूपीव्हीसी

यूपीव्हीसी म्हणजे प्लास्टिसायझर न मिसळलेले, म्हणून कडक राहणारे पीव्हीसी. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडी चौकट गंजते, लाकडी झडप पावसाळ्यात फुगून अडकते, वाळवीची भीती वेगळीच. यूपीव्हीसी गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि रंगही द्यावा लागत नाही.

खरी किमया आतल्या रचनेत आहे. चौकटीचे प्रोफाइल पोकळ, अनेक कप्प्यांचे असते आणि कप्प्यांत कोंडलेली हवा उष्णता अडवते. अ‍ॅल्युमिनियम हा धातू उष्णता यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट सहजतेने वाहून नेतो. मजबुतीसाठी मुख्य कप्प्यात जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद बसवतात. कोपरे उष्णतेने वितळवून सांधलेले असल्याने तिथून पाणी झिरपत नाही. झडपेभोवतीचे रबरी गॅस्केट धूळ आणि रस्त्यावरचा गोंगाट रोखते. मात्र आवाज खरोखर कमी करायचा तर दुहेरी काच हवी, आणि सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीची खिडकी सरस, कारण ती गॅस्केटवर घट्ट दाबून बसते.

कडक उन्हात प्रोफाइल टिकावे म्हणून त्यात पुरेसे टायटॅनियम डायऑक्साइड लागते. ते कमी पडले तर पांढरा रंग पिवळसर होतो. खरेदीपूर्वी या घटकाचे प्रमाण आणि आतल्या पोलादाची जाडी विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.