कोडवर्ड टिपला, पुढे काय?

बंगळुरात रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा उन्हाळ्यातल्या न्यूयॉर्कमध्ये भर दुपार असते. ऑटिझम सेंटरमधली सेशन्स आटोपून, जेवणखाण उरकून इथले वर्तन विश्लेषक अमेरिकेतलं वेबिनार लावतात ते याच सुमारास. वक्ता मध्येच एक कोडवर्ड सांगतो. शेवटी तो फॉर्ममध्ये भरला की हजेरी लागते आणि गुणांचं प्रमाणपत्र मेलवर येतं. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं, हे तर या मंडळींचं रोजचं शास्त्र. इथे बक्षीस मिळतं कोडवर्ड टिपण्याला!

गुणांचा हा हिशेब अमेरिकेतल्या बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाचा. १९९८ मध्ये स्थापन झालेलं हे बोर्ड बीसीबीए हे प्रमाणपत्र देतं आणि ते टिकवायला दर दोन वर्षांनी ३२ सीईयू, म्हणजे निरंतर शिक्षणाचे गुण, मागतं. त्यातले चार नीतिनियमांवरचे हवेत. पन्नास मिनिटांच्या शिक्षणाला एक गुण. गुण मिळतो म्हणजे मजकूर बोर्डाने तपासला असणार, असं अनेकांना वाटतं. पण बोर्ड मान्यता देतं ती संस्थेला, एकेक वेबिनार काही ते तपासत बसत नाही.

त्यात २०२३ पासून बोर्डाने भारतातून नवे अर्ज घेणंच थांबवलं. आधीचे प्रमाणपत्रधारक नूतनीकरण करू शकतात. नव्यांपुढे आयबीएओ, क्वाबा अशा दुसऱ्या परदेशी मंडळांचा पर्याय आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत विशेष शिक्षक आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, वर्तन विश्लेषकाचा स्वतंत्र वर्ग नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत मात्र त्याचं नाव आलं आहे. तरी कुठला कोर्स घ्यायचा नि कुठला सोडायचा, हे आज ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

मग पारख कशी करायची? पहिला प्रश्न: हा दावा कुणी तपासला आहे का? १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ची लाट होती. न बोलणाऱ्या मुलाचा हात कुणीतरी धरायचं आणि मूल टाइप करायचं. वाचा-भाषा तज्ज्ञ हॉवर्ड शेन यांनी साधी चाचणी घेतली. एका मुलीला दाखवली किल्ली, हात धरणारीला दाखवला कप; एकीला काय दिसतंय ते दुसरीला ठाऊक नाही. टाइप झालं ‘कप’. आपल्याही गोतावळ्यात हा प्रश्न आहे. सोमा मुखोपाध्याय यांनी भारतात आपल्या मुलाला शिकवता शिकवता रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड ही अशाच मुलांसाठीची पद्धत घडवली, ती पुढे अमेरिकेत पसरली. तिथल्या स्पीच-लँग्वेज-हिअरिंग संघटनेने २०१८ मध्ये ती वापरू नये असं जाहीर केलं. आईची जिद्द खरीच, पण पद्धतीचा पुरावा वेगळा मागावा लागतो. बाकी वाचनाची हौस असेल तर ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’चे १९६८ पासूनचे जुने अंक पबमेड सेंट्रलवर फुकट आहेत. त्याला गुण मिळत नाहीत म्हणून कुणी फिरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न माझ्या मते जास्त मोलाचा: मला काम करताना कुणी बघणार आहे का? थेरपिस्टला शिकवताना हेच वर्तन विश्लेषक सांगून थांबत नाहीत. आधी सांगतात, मग करून दाखवतात, करून घेतात आणि चुकलं तिथे तिथल्या तिथे टोकतात. स्वतःच्या शिक्षणाची पाळी आली की मात्र नुसत्या स्लाइड्सवर भागतं. महिन्याला दोनदा तुमच्या सेशनचा व्हिडिओ आणि डेटा शीट समोर ठेवून ‘इथे इतक्या लवकर मदत का केलीत?’ असं विचारणारा सुपरव्हायझर महाग पडतो, वेळ खातो, कधी कधी अपमानही वाटतो.

पण बंगळुरातल्या व्हाइटफील्डमधल्या एखाद्या मराठी घराचं उदाहरण घ्या. आईबाबा मराठी बोलतात, सांभाळणाऱ्या अक्का कन्नड आणि शाळा इंग्रजी. साडेतीन वर्षांच्या मुलाला पाणी मागायला आधी कुठल्या भाषेत शिकवायचं? दिवसभरात त्याला पाणी कोण देतं, आजी गावाहून किती दिवस येऊन राहते, हे विचारल्याशिवाय याचं उत्तर निघत नाही. न्यूयॉर्कचा वक्ता ते विचारणार नाही. ते विचारील असा माणूस मग मल्लेश्वरमचा असो की पुण्याचा, त्याच्या तासाला सीईयू मिळत नसला तरी फी भरावी.