पैदाशीचे खुराडे आणि अंड्यांचे खुराडे : लेखांक पाचवा

मागील लेखांकात तुसाच्या अंथरुणाचा आणि उजेडाचा विचार झाला. आजचा प्रश्न वरकरणी किरकोळ, परंतु नफ्यातोट्याच्या दृष्टीने मूलगामी आहे. खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि पैदाशीकरिता राखलेला कळप यांस एकत्र ठेवावे काय? लालबर्रा तहसिलीत, किंबहुना वैनगंगेच्या खोऱ्यातील बहुतेक भातमुलखात, पाचदहा कोंबड्या व एकदोन कोंबडे अंगणात एकत्र हिंडतात, रात्री एकाच खुराड्यात कोंडले जातात, आणि त्यांचीच काही अंडी बाजारात जाऊन उरलेली खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. ही रहाटी घरखर्चापुरती निभते. पण शंभर पक्ष्यांचा कारभार मांडणाऱ्या कास्तकाराने तिचा त्याग करावा हेच इष्ट.

अंडे देण्याकरिता कोंबडीस कोंबड्याची मुळीच आवश्यकता नसते, ही गोष्ट पुष्कळांस अद्याप खरी वाटत नाही. कोंबड्याच्या संगतीवाचून घातलेले अंडे निर्जीव, आणि म्हणूनच अधिक टिकाऊ. उलट फलित अंड्यातील बीज, हवा वीस-चोवीस अंशांच्या वर गेली की, कोंबडीची ऊब न मिळताही हळूहळू जागे होऊ लागते. वैशाखातल्या तापलेल्या कौलारू खोलीत तीनचार दिवस राहिलेले असे अंडे अंधारात बॅटरीच्या झोतासमोर धरून पाहावे : बलकावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा पसरलेल्या दिसू शकतात. ते अंडे ना उबवणीच्या कामाचे, ना ताटाच्या. कोंबडे वेगळे काढले की हे नुकसान टळते, शिवाय कोंबड्यांच्या पाठीवरील पिसे उपटून होणाऱ्या जखमाही थांबतात.

पैदाशीच्या कळपाची निगा अर्थातच निराळी. आठ-दहा कोंबड्यांस एक निवडक, निरोगी कोंबडा पुरतो. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात शेकडा साडेतीन ते चार भाग कॅल्शियम लागते, तेवढे कोंबड्यास अनावश्यक व अपायकारक. आणि पैदाशीच्या मादीस ब२ जीवनसत्त्व कमी पडले, तर अंडी भरपूर मिळूनही गर्भ कवचातच मरतात. पुलोरमसारखा रोग तर अंड्यावाटेच पिल्लांत उतरतो, सबब या कळपाची रक्ततपासणी पशुवैद्याकडून करवून घ्यावी, दररोजची झाडलोट प्रथम याच खुराड्यात करावी आणि मग अंड्यांच्या कोंबड्यांकडे जावे.

वंशाच्या शुद्धतेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या झाबुआच्या कडकनाथाची वीण कोणी येथे राखू पाहील, किंवा जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने तयार केलेली नर्मदानिधी पाळील, तर अंगणातला एक देशी कोंबडा त्याचे सारे परिश्रम वाया घालवील. मादीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहत असल्याने, तो कोंबडा आज हाकलला तरी उद्याच्या अंड्यावर त्याचाच हक्क असतो.

एवढ्यासाठी पक्की इमारत नको; मध्ये बांबूचा ताटवा आणि जाळी घातली, दारे व भांडी निराळी ठेवली, म्हणजे पुष्कळ साधते. ज्यांस तेवढीही तजवीज आज शक्य नसेल, त्यांनी निदान कोंबडे तरी वेगळे कोंडावेत आणि ती तारीख नोंदवहीत मांडावी. तेथून तीन आठवडे लोटल्यावर मिळणारी अंडी बेलाशक बाजारात पाठवावीत.