मीठ कुठून येतं?

'होमब्रू' हा शब्द लेकीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मूळ अर्थ घरी बनवलेली बियर! पण तिच्या कंपूचा त्या पेयाशी काही संबंध नव्हता (आईनं चौकशी केलीच, हे काय सांगायला हवं?). ही मुलं एक खेळ खेळतात. त्या खेळाला एक अख्खं जग लागतं. ते बाजारात तयार मिळतं, नाहीतर आपलं आपण रचायचं. आपण रचलं की ते होमब्रू. पाकिटातलं तिखट आणि घरी मिरच्या, खोबरं, धणे भाजून कुटलेलं काळं तिखट यांत जो फरक, तोच समजा ना!

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो बाजारात आणला. गायगॅक्सनं आधी घरच्या घरी जे जग रचलं होतं, त्यातले पहिले खेळाडू म्हणजे त्याचीच दोन मुलं, अर्नी आणि एलिस. या खेळात पट लागतोच असं नाही, आणि कुणी जिंकत-हरतही नाही. एक जण गोष्ट सांगतो. "तुम्ही घाटाच्या तोंडाशी आलात. पूल तुटलाय. पलीकडे कुणीतरी शेकोटी पेटवलीय. आता काय करता?" बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन उत्तर देतात. जमेल की फसेल हे फाशावर, आणि फासाही केवढा, वीस बाजूंचा! गोष्ट सांगणाऱ्याला म्हणतात डंजन मास्टर. आमच्याकडे हा मान लेकीचा. ती पुण्यात शिकते. दर रविवारी संध्याकाळी पाच जण फोनवरून खेळतात आणि सुट्टीत सगळी वरात आमच्या बार्शीच्या घरी येते.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे तिच्या जगातल्या लोकांचे इतिहास तपासायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. तिनं वही पाठवली. पठारावर राहणारे तरवडे, समुद्रकाठचे शिंपोळे, आणखी दोन जमाती. प्रत्येकाचे राजे, राजांच्या लढाया, लढायांचे सन. चौदा राजे नि अकरा लढाया! वाचता वाचता मला माझ्याच तासाला शेवटच्या बाकावर बसल्यासारखं झालं.

मी तिला एवढंच विचारलं, "तुझ्या या तरवड्यांना मीठ कुठून मिळतं गं?"

"आई, ही जादूची दुनिया आहे."

"मग जादूच्या दुनियेत भाजी अळणी लागत नाही का?"

ती हसली, पण रात्री तिचा पुन्हा फोन आला. समुद्र पठारापासून आठ दिवसांच्या वाटेवर आहे म्हणाली, मध्ये घाट. मीठ शिंपोळे पिकवणार, हे तर झालंच. पण ते वर आणणार कोण? मी तिला सांगितलं, की हिमालयात तिबेटचं मीठ मेंढ्यांच्या नि शेळ्यांच्या पाठीवर छोट्या छोट्या पिशव्या लादून खाली यायचं. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. झालं! तिनं शेळ्या घेतल्या. शेळ्या घेतल्या की चारा आला. चारा कुणाच्या रानातला? मुक्काम कुठे? मुक्कामाच्या विहिरी कुणी खणल्या, आणि पाण्याबद्दल काय द्यायचं? एका प्रश्नाच्या पोटात दुसरा. पंधरा दिवस आम्हा दोघींना दुसरं काही सुचत नव्हतं. पोळ्या लाटताना मी फोन खांद्याशी धरून तरवड्यांची लग्नं ठरवत होते.

कारण लग्नातही मीठ आलंच. तरवड्यांची नवरी सासरी जाताना पायलीभर मीठ घेऊन जाते. शपथ घ्यायची ती मिठात हात घालून. शिवी द्यायची तर 'तुझं मीठ पाझरो'. पावसाळा सरल्यावर पहिला तांडा घाट चढून येतो तो त्यांचा सण, आणि त्या दिवशी स्वयंपाक मुद्दाम खारट करायचा. पाहुण्यानं पाणी मागितलं तर यजमानीण खूश! आणि राजा? तो सगळ्यात शेवटी आला. मिठाच्या कोठाराच्या किल्ल्या ज्या घराण्याच्या कमरेला, तेच पुढे राजघराणं झालं. चौदा राजांपैकी आता तीन उरलेत. माझ्या मते तेवढे पुरेत.

मैत्रिणींनो, हा खुळेपणा वाटत असेल तर जरा इंग्लंडात चला. १८२६ सालच्या जून महिन्यात हावर्थ गावच्या पॅट्रिक ब्राँटे या पाद्रीबाबांनी मुलासाठी डझनभर लाकडी शिपाई आणले. शार्लट तेव्हा दहा वर्षांची, भाऊ ब्रॅनवेल नऊला टेकलेला, एमिली सातची, अॅन सहाची. चौघांनी एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिलं, आणि त्यातून उभी राहिली काचनगरी, म्हणजे 'ग्लास टाऊन'. तिथली मासिकं, भांडणं, निवडणुका, सगळं या मुलांनी तळहातात मावतील अशा इवल्या वह्यांत लिहून काढलं. अक्षर एवढं बारीक, की वाचायला भिंग लागावं. पुढे धाकट्या दोघींनी 'गोंडल' नावाचं आपलं वेगळं बेट काढलं. त्याच्या गद्य कथा हरवल्या, कविता तेवढ्या राहिल्या. १८४५ साली एमिली सव्वीस संपून सत्ताविसाव्याच्या उंबऱ्यावर, अॅन पंचवीस वर्षांची. दोघी यॉर्कला गेल्या आणि वाटभर गोंडलची पात्रं होऊन बोलत राहिल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' प्रसिद्ध झाली. चार भिंतींच्या आत वाढलेल्या या मुलींनी माणसं कुठे बघितली, असं पुष्कळांना नवल वाटतं. मला नाही वाटत. त्या वीस वर्षं एक मुलूख सांभाळत होत्या.

पण त्यांच्या काचनगरीत एक गोष्ट खुपते. नगरी वसवली होती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि तिथले मूळचे अशांती लोक त्यांच्या कथांत आले ते शत्रू म्हणून. त्या काळी इंग्रजांची अशांतींशी लढाई चालू होती. घरी येणाऱ्या मासिकांत या मुलांनी जे वाचलं, तेच गोष्टीत उतरलं. आपल्या माणसांना बारीकसारीक इतिहास. समोरच्याला नुसतं एक नाव आणि एक राग.

हाच वाद या खेळातही आहे. ऑर्क, गॉब्लिन वगैरे जमाती अख्ख्याच्या अख्ख्या दुष्ट, असं जुन्या नियमपुस्तकांत सरळ छापलेलं असायचं. कुणी चोर, कुणी खुनशी, जन्मापासूनच. त्यांना मारलं तर खेळणाऱ्याला पाप नाही. २०२० साली खेळाच्या कंपनीनं, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, जाहीर कबूल केलं, की ऑर्क आणि ड्राऊ या लोकांचं असं चित्रण खऱ्या जगातल्या समाजांना आजवर ज्या प्रकारे हिणवलं गेलं त्याचीच आठवण करून देतं. २०२४ च्या नव्या पुस्तकात 'वंश' हा शब्दही गेला, आणि ऑर्क खेळाडूंनी स्वतः घ्यायच्या पात्रांत येऊन बसले.

लेकीच्या वहीतही अशी एक जमात होतीच. रातवे. घाटात दबा धरायचा, मिठाच्या गाड्या लुटायच्या. सगळे चोर, बायकापोरांसकट. वाटेत खेळाडूंना दोन हात करायला कुणीतरी हवं, म्हणून ठेवलेले. त्यांना इतिहास नव्हता. वहीत अडीच ओळी होत्या.

त्या पाच जणांत सोलापूरची एक मुलगी आहे. शांत, नेमकं बोलणारी. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे खेळ चालू असताना रातव्यांनी गाडी अडवली. बाकीचे तलवारी काढायला निघाले, आणि तिनं फासा हातातच धरून विचारलं, "हे लोक चोऱ्या कधीपासून करायला लागले?"

लेक म्हणाली, "अगं, रातवेच आहेत ते."

"हो, पण कधीपासून?"

खेळ तिथेच थांबला. मी चहा टाकायला उठले होते, ती परत येऊन बसले. मग त्या मुलीनं सांगितलं, की तिचे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होते. तारेच्या कुंपणाच्या आत.

सोलापूरकरणींना सेटलमेंट हा भाग ठाऊक असतो, त्या नावामागचं मात्र पुष्कळींना नसतं. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९११ नंतर मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. गुन्हा केला असो वा नसो, नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या वसाहतीतली माणसं गिरण्यांत राबायची. देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा पूर्णपणे उठायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला; म्हणून हे समाज 'विमुक्त'. ठपका काही कायद्याबरोबर उठला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, साहित्य अकादमीचा मानही मिळाला. ज्यांनी ते वाचलंय त्यांना मी अधिक सांगायला नको.

आणि यातही मीठ आहे बरं का! मद्रास इलाख्यातले कोरवा लोक मीठ आणि धान्य घेऊन गावोगाव फिरणारे व्यापारी होते. आगगाडी आली, सरकारचं मिठाचं धोरण बदललं, आणि त्यांचा धंदा बसला. पुढे त्यांचंही नाव त्या गुन्हेगारांच्या यादीत चढलं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा लेकीनं वही मिटून घेतली.

ती त्या मैत्रिणीला म्हणाली, "मी रातव्यांना बदलून टाकते. चांगले करते."

"नको," ती म्हणाली. "चोऱ्या करतात तर करू देत. देवमाणसं नको करूस त्यांना. कधीपासून करतात तेवढं लिही."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, आमच्याकडे जुनं काही लिहिलेलं म्हणजे पोलिसांचे कागद. कोण कधी पळालं आणि कधी सापडलं, एवढंच त्यात."

मी इतकी वर्षं शिकवलं, पण यावर माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं. लेकीनं वही तिच्यापुढे सरकवली.

रातव्यांचा इतिहास तिनं लिहिलाय. दोन महिने लागले. रातवे हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला वाटकर म्हणतात. शेळ्यांवर मीठ लादून घाट चढणारे तेच होते! ज्यांच्या पहिल्या तांड्याचा सण तरवडे करतात, ते हेच. मग तिसऱ्या राजानं डोंगर फोडून बोगदा काढला. गाड्या आल्या, मीठ दोन दिवसांत वर पोचायला लागलं, स्वस्त झालं. शेळ्यांच्या चाऱ्याची रानं राजाची झाली. पुढच्या पिढीत फर्मान निघालं, की वाटकरांनी रात्री कुंपणाबाहेर निजायचं नाही. चोऱ्या त्यानंतरच्या. राजवाड्याच्या बखरीत याबद्दल 'रातव्यांचा उपद्रव' एवढा उल्लेख आहे. बोगद्याचं वर्णन मात्र चार पानं.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे, की तरवडे अजून सण करतात. तांडा येत नाही, तरी खारट स्वयंपाक होतो. का करतात ते नव्या सुनांना कुणी सांगत नाही. आपल्या घरात अशा किती गोष्टी असतात बघा! आजेसासूबाई करायच्या म्हणून आपण करतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर हा उद्योग करून बघा. वीस बाजूंचा फासा नसला तरी सापशिडीचा चालतो. एक वही, एक डोंगर, एक नदी. राजा विचारला तर म्हणावं, थांब जरा. पाणी कोण भरतं, लग्नात काय देतात, कुणाच्या घरचं पाणी कुणाला चालत नाही, हे आधी ठरव. शेवटच्या प्रश्नाला मुलं गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. होऊ द्यावं.

आमचा खेळ सध्या अडलाय. वाटकर लिहीत नसत. आठ दिवसांची वाट, आठ मुक्काम, म्हणून त्यांच्या म्हाताऱ्या बायका आठ गाठींचा दोर जपून ठेवत. मागच्या रविवारी खेळाडूंना कुंपणाजवळच्या एका पडक्या झोपडीत असा दोर सापडला. तरवड्यांचा राजपुत्र झालेल्या मुलानं गाठी मोजल्या, तर निघाल्या नऊ. राजवाड्याच्या नकाशात मुक्काम आठच आहेत. नववी गाठ कशाची, हे फक्त त्या सोलापूरच्या मुलीला ठाऊक आहे. डंजन मास्टरलासुद्धा तिनं ते सांगितलेलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "काकू, तुम्ही पण फासा टाका."