वाघाचा डॉक्टर कसा घडतो?

श्रोतेहो, बोनस, हजेरी आणि बडतर्फी या विषयांवर आम्हांस कोणीही झोपेतून उठवून विचारले तरी उत्तर देता येते. पण मध्यंतरी युनियनच्या कचेरीत एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने आमची पंचाईत केली. तिचे वडील एका शहराच्या प्राणिसंग्रहालयात प्राणिरक्षक आहेत. वडिलांची वाट पाहत ती बाकावर बसली होती. एकदम म्हणाली, "काका, बाबांच्या तिथं डॉक्टर येतात ना, वाघाचे, तसं व्हायला काय शिकावं लागतं?" वडील हसले. आम्हांला हसू आले नाही, कारण उत्तर ठाऊक नव्हते. ते शोधण्यात काही महिने गेले. जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. वाघाचा डॉक्टर, हत्तीचा डॉक्टर अशी आरंभाची निराळी पदवी आपल्या देशात नाही. गाईम्हशींचा डॉक्टर ज्या दारातून जातो, त्याच दारातून याला जावे लागते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय हवेत. पुढे 'नीट' ही परीक्षा, आणि तिच्या गुणांवर पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश. पदवीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा. त्यातील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष दवाखान्यात व गोठ्यात उमेदवारी करण्याचे. पदवी मिळाली म्हणजे संपले असे नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवावे लागते, मगच औषधोपचार करण्याचा अधिकार येतो.

महाराष्ट्रात ही महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणी आहेत. मुंबईचे कॉलेज १८८६ साली परळला निघाले. शिरवळच्या कॉलेजास क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे, हे सांगताना आमची छाती थोडी फुगते. संशोधनाचे म्हणाल, तर आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था मूळची पुण्याची. १८८९ साली ती एका छोट्या प्रयोगशाळेच्या रूपाने पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. पदवीनंतर वन्यप्राण्यांच्या वैद्यकात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करायचा, तर त्या संस्थेत त्याची सोय आहे.

मुलीला हे सांगितले तेव्हा तिने तोंड वाकडे केले. "मग पाच वर्षं गाईम्हशीच?" तिचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण याचे उत्तर अलीकडच्या काही दुःखद घटनांतच लिहिलेले आहे.

जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात थोड्या दिवसांत डझनभर वाघ दगावले. रोग कोणता? सर्रा. घोडे, उंट, गुरे यांना होणारा, चावऱ्या माश्यांनी पसरणारा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या मेले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला, म्हणजे कोंबड्यांचा रोग. तो खाण्यातल्या मांसातून आला असावा असा संशय होता. आणि जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयात सोळा चितळ गेले. त्यांना झाली होती लाळ्या-खुरकूत. हा रोग आपल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कोणाला ठाऊक नाही?

तिन्ही ठिकाणी यम जंगलातून आला नाही. तो गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या रोगाचे रूप घेऊन आला. पिंजऱ्याची जाळी वाघाला अडवते, माशीला अडवत नाही. खुरकुतीचे विष तर चाऱ्याबरोबर, गाडीच्या चाकाबरोबर, माणसाच्या बुटाबरोबरही आत जाते. तेव्हा ज्याने गोठा पाहिलेला नाही, त्याला पिंजरा समजणार नाही.

दुसरेही कारण आहे. पुस्तकात प्रत्येक जनावराचे औषध लिहिलेले नसते. प्राणिसंग्रहालयात शेकडो जाती, आणि पुष्कळशा औषधांची पारख झालेली असते ती पाळीव प्राण्यांवर. म्हणून हा डॉक्टर नात्यावरून अंदाज बांधतो. वाघाला मांजराच्या नात्याने पाहायचे, लांडग्याला कुत्र्याच्या, चितळाला रवंथ करणाऱ्या गाई-शेळीच्या, गेंड्याला घोड्याच्या. माणसाला चालणारे पॅरासिटामॉल मांजराला विष ठरते. हे ज्याला मांजरावरून ठाऊक आहे, तो वाघाला देताना हात आवरील.

आता खास शिकण्याच्या गोष्टी. त्यांत पहिली भूल देण्याची. गाईचा दात पाहायचा तर गडी तिचे शिंग धरतो. वाघाचा दात पाहण्यासाठी त्याला आधी निजवावे लागते. न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉक नावाच्या पशुवैद्याने १९५० च्या दशकात औषधाची सुई दुरून मारणारी बंदूक तयार केली आणि या धंद्याचे रूपच पालटले. झायलाझीन व केटामीन यांचे एक प्रसिद्ध मिश्रण जर्मनीत म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात तयार झाले. आज ते त्याच नावाने ओळखले जाते. परंतु नेम धरणे हा यातला सोपा भाग. वाघाला तराजूवर घालता येत नाही, म्हणून वजन नजरेने ठरवायचे. पोट भरलेले असेल तर ओकारी श्वासनलिकेत जाईल, म्हणून आधी उपाशी ठेवायचे. हरीण घाबरून फार धावले तर त्याचे स्नायूच निकामी होतात आणि सुई न लागताही ते मरते. गेंड्या-हत्तीसाठी वापरतात त्या एटॉर्फिनचा थोडासा अंश माणसाच्या रक्तात गेला तरी जीव जाऊ शकतो. म्हणून उताऱ्याचे औषध आधी भरून ठेवायचे, मग बंदूक उचलायची.

दुसरी विद्या शवविच्छेदनाची. नियमाप्रमाणे प्राणिसंग्रहालयात मेलेल्या प्रत्येक जनावराची अशी तपासणी करावी लागते. तामिळनाडूचे डॉ. व्ही. कृष्णमूर्ती हत्तींचे डॉक्टर म्हणून नावाजले. जंगलात मेलेला हत्ती कुजलेला असला तरी त्याची तपासणी झालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मेलेला प्राणी जे सांगतो, त्यावर शेजारचा जिवंत प्राणी वाचतो.

तिसरी विद्या मात्र कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. रानातले जनावर आजार लपवते. लंगडणारे हरीण वाघाच्या तोंडी पडते, म्हणून निसर्गाने त्याला लंगडणे लपवायला शिकवले. डॉक्टर समोर आला की ते ताठ उभे राहते. ते काल कसे उभे होते, किती खाल्ले, शेण कसे टाकले, हे ठाऊक असते रोज झाडलोट करणाऱ्या रक्षकाला. आम्ही त्या मुलीच्या वडिलांना विचारले, "तुम्हांला कसं कळतं?" ते म्हणाले, "साहेब, हाक मारल्यावर रोज कान हलवतो, त्या दिवशी हलवला नाही." एवढ्यावर त्यांनी डॉक्टरांना बोलावले होते. असा माणूस कंत्राटावर आणून अकरा महिन्यांनी बदलला, तर डॉक्टरची अर्धी दृष्टी गेली असे समजावे.

नोकरीचेही खरे सांगितले पाहिजे. १९९१ साली वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयांचे प्रकरण आले आणि १९९२ साली केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या नियमांप्रमाणे मोठ्या प्राणिसंग्रहालयास पूर्णवेळ पशुवैद्य लागतो. परंतु देशभर मान्यता असलेली ठिकाणे दीडशेच्या आसपास, म्हणजे जागा मोजक्याच. मुंबईची राणीची बाग व कात्रज महापालिकांकडे, गोरेवाडा वनविकास महामंडळाकडे. जागा निघेपर्यंत गावोगावच्या दवाखान्यांत, कुत्र्यामांजरांच्या इस्पितळांत काम करावे लागते. पण वर पाहिलेच की, ती वर्षे वाया जात नाहीत.

हे सारे आम्ही मुलीला सांगितले, काही लपवले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या आत्याकडे दोन म्हशी आहेत. सुट्टीत तिकडे जाते." वडील या खेपेस हसले नाहीत. त्यांनी आम्हांला विचारले, "साहेब, नीटच्या पुस्तकांना किती पडतील?"

श्रोतेहो, तो हिशेब आता आम्ही दोघे मिळून करीत आहोत. आपण मुलांना घेऊन वाघ पाहायला जाल, तेव्हा तेथे पूर्णवेळ डॉक्टर आहे काय, आणि त्या पिंजऱ्याचा रक्षक कायम आहे काय, एवढे दोन प्रश्न जरूर विचारा. तिकिटाचे पैसे दिले आहेत, तेव्हा विचारण्याचा हक्क आपलाच आहे.