विस्मृतीत गाडलेली स्मृती आणि हिचकॉकचा 'स्पेलबाउंड'

प्रस्तावना

भूतकाळातील असह्य प्रसंग मनाच्या तळाशी जसाच्या तसा गाडलेला असतो आणि जाणत्या व्यक्तीने तो उकरून काढला की रोगी बरा होतो, ही कल्पना रहस्यकथा व चित्रपट यांतून इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. या कल्पनेला लोकप्रियता मिळवून देणाऱ्या कलाकृतींत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'स्पेलबाउंड' (१९४५) या चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. या चित्रपटातील स्मृतिविषयक गृहीतक नंतरच्या संशोधनाच्या प्रकाशात पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रपटातील स्मृती

निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी स्वतः मनोविश्लेषणाचे उपचार घेतले होते. त्यांच्याच मनोविश्लेषक मे रॉम यांचे नाव सल्लागार म्हणून श्रेयनामावलीत येते. कथा अशी : ग्रीन मॅनर्स या मनोरुग्णालयात डॉ. एडवर्ड्स हे नवे प्रमुख म्हणून रुजू होतात. परंतु पांढऱ्या पृष्ठभागावर समांतर रेषा दिसताच ते अस्वस्थ होतात. हा मनुष्य एडवर्ड्स नसून स्मृतिभ्रंश झालेला कोणी दुसराच आहे, हे डॉ. कॉन्स्टन्स पीटरसन (इन्ग्रिड बर्गमन) यांच्या ध्यानी येते. खऱ्या एडवर्ड्सचा खून आपणच केला, अशी त्या मनुष्याची (ग्रेगरी पेक) खात्री असते. अखेर बर्फाच्या उतारावर त्याला बालपण आठवते. कठड्यावरून घसरत येताना त्याचा धक्का लागून भाऊ कुंपणाच्या अणकुचीदार गजांवर पडला होता. समांतर रेषांचा उलगडा होतो आणि तो 'बरा' होतो.

साल्व्हादोर दाली यांनी आरेखित केलेले स्वप्नदृश्य विशेष गाजले. येथे एक विषयांतर. त्या स्वप्नातील चाक म्हणजे 'रिव्हॉल्व्हर' आणि पंख म्हणजे 'गॅब्रिएल' हे दरीचे नाव, असा अर्थ पुढे लावला जातो. पहिली कोटी इंग्रजी क्रियापदावर उभी आहे, त्यामुळे मराठीत स्वप्न पाहणाऱ्या रोग्याच्या बाबतीत ही किल्ली लागणार नाही.

मात्र समीक्षेत फारशी न चर्चिली जाणारी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. या चित्रपटात स्मृती दोन आहेत. भावाच्या मृत्यूची आठवण खरी ठरते. परंतु 'मी खून केला' ही तितकीच ठाम जाणीव साफ खोटी निघते. ती अपराधगंडातून जन्मलेली असते. नायकाला कोणती आठवण खरी व कोणती खोटी, हे आतून ओळखता येत नाही. खुनाचा उलगडा होतो तो मृतदेहातील गोळी आणि डॉ. मर्चिसन यांच्या तोंडून निसटलेले एक वाक्य यांच्या आधारे, म्हणजे अंशतः तरी बाहेरच्या पुराव्याने. प्रेक्षक मात्र पहिलीच स्मृती घेऊन घरी जातो.

संशोधनातील स्मृती

फ्रॉइड यांनी १८९६ मध्ये हिस्टेरियाचे मूळ बालपणातील लैंगिक अत्याचारांच्या दडपलेल्या आठवणींत आहे, असे मांडले आणि १८९७ मध्ये फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रात त्या उपपत्तीवरील आपला विश्वास उडाल्याचे कळविले. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखविले की स्मरण ही पुनर्रचना असते. कोठारातून वस्तू काढून आणण्यासारखे ते नाही. एलिझाबेथ लॉफ्टस व जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणीचे प्रसंग सांगण्यात आले. त्यांपैकी खरेदीसंकुलात हरवल्याचा एक प्रसंग रचलेला होता. पुढील मुलाखतींत ६ जणांना तो पूर्णतः वा अंशतः 'आठवला'.

हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नव्हता. कॅलिफोर्नियात १९९० मध्ये एका पित्याला १९६९ मधील खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले, ते मुख्यतः मुलीला वीस वर्षांनी आठवलेल्या प्रसंगावरून. १९९५ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. त्या काळात अमेरिकेत संमोहन व सूचक प्रश्न यांच्या साहाय्याने 'परत मिळविलेल्या' आठवणींनी अनेक कुटुंबे दुभंगली. याचा अर्थ उशिरा सांगितलेला प्रत्येक अत्याचार कल्पित असतो, असा कोणी लावू नये. पीडित व्यक्ती बहुधा विसरलेली नसतेच. ती बोलू शकलेली नसते. विसरणे आणि न बोलणे यांतील भेद चित्रपटाने पुसट केला, ही त्याची खरी त्रुटी होय.

महाविद्यालयातील एक अनुभव

हा चित्रपट वर्गात दाखविल्यानंतर तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी दोन दिवसांनी विभागात आली. तिला अंधाराची भीती वाटत असे. "सर, माझ्याही बाबतीत काही घडलं असेल का, जे मला आठवत नाही?" असे तिने विचारले. समुपदेशनाचे प्रशिक्षण नसलेल्या प्रस्तुत लेखकाच्या मनात त्या क्षणी 'आठवून पाहा' हेच शब्द आले होते. घरात कोण कोण होते, दिवा कोण मालवीत असे, हेही विचारावेसे वाटले. प्रत्येक प्रश्न सूचक ठरला असता. म्हणून एवढेच विचारले की आज त्रास कशाचा होतो. ती म्हणाली, वसतिगृहात रात्री वीज जाते आणि खोलीतील मैत्रीण गेले महिनाभर गावी आहे. तिची खोली बदलून देण्याचा अर्ज त्याच दुपारी अधीक्षकांकडे दिला आणि तिच्या संमतीने प्रशिक्षित समुपदेशकाची वेळ घेतली.