‘पापा क्या करते हैं?’ : लहान लेकरांना आपलं काम कसं सांगायचं



मागच्या मासिक बैठकीत हिशेब आटोपल्यावर एका सभासद भावानं घरची गोष्ट सांगितली. त्याचा पोरगा यंदा पहिलीत गेला. शाळेत बाईंनी विचारलं, “तुम्हारे पापा क्या करते हैं?” पोरगा म्हणाला, “सोते हैं.” सारा वर्ग हसला. बैठकीत आम्हीही हसलो. मग गप्प झालो, कारण पोरगा खोटं बोलला नव्हता.

बाप पहाटे तीनला डोंगा काढतो तेव्हा पोरगा झोपेत. मासोळीचं वजन करून देतो तेव्हा पोरगा शाळेत. दुपारी पोरगा घरी येतो तेव्हा बाप खाटेवर आडवा. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. दुकानदाराच्या पोराला दुकान दिसतं, ड्रायव्हरच्या पोराला गाडी दिसते. आपलं काम अंधारात आणि पाण्यात, ते लेकराला दिसणार कुठून?

मग एकेक जण बोलू लागला. कोणाची पोरगी म्हणते, “बाबा, तुमच्या हाताचा वास येते.” कोणाचं लेकरू बापाला पाण्यावर जाऊच देत नाही, रडत बसते. आणि एक गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्याच घरी आहे. पोरानं अभ्यास नाही केला की आपण म्हणतो, “शिक, नाही तर जाळं ओढत बसशील!” आपण रागात बोलून मोकळे होतो, पण लेकरू काय समजते? बाबाचं काम म्हणजे शिक्षा, बाबानं काही तरी चूक केली असेल. मग शाळेत ते बापाचं काम कसं सांगेल?

म्हणून आम्ही ठरवलं की हे वाक्य आपल्या घरातून काढायचं. शिकायला सांगा, जरूर सांगा, पण जाळ्याची भीती घालून नको.

आता सांगायचं कसं? पाच-सहा वर्षांच्या लेकराला भाषण नको, हातात काही तरी द्या.

जाळं दुरुस्त करत बसाल तेव्हा त्याला जवळ बसवा. जाळ्याच्या भोकातून बोट घालायला लावा. “तुझ्या बोटाएवढी मासोळी इथून निसटून जाते, मोठी अडकते. लहानीला आपण मोठं व्हायला सोडतो.” एवढं पुरे. शिशाच्या गोळ्या कशाला, थर्माकोलचे तुकडे कशाला, हे ते स्वतःच विचारेल.

स्वयंपाकघरातलं जिरं दाखवा. आपण ज्याला मत्स्यजिरे म्हणतो ते तेवढंच बारीक असतं. मग त्याचं बीज होतं, मग बोटाएवढी बोटुकली, आणि तळ्यात नीट वाढली तर साधारण वर्षात किलोच्या आसपास. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तीन मजल्यांचं घर, म्हणून भांडण कमी. ही गोष्ट लेकरं विसरत नाहीत.

बंदीचा काळही समजावून सांगा. आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत आणि जलाशयात मासेमारी बंद असते. बाबा दोन महिने घरी का, हातात पैसा कमी का, हे लेकराला कळतं, पण कारण कळत नाही. सांगा, “मासोळीच्या घरी बाळंतपण आहे, आपण आता दार वाजवायचं नाही.” खेळणं मागितलं तर ‘बंदी उठल्यावर पाहू’ हे खरं उत्तर द्या, खोटं वचन देऊ नका.

भीतीचं काय? “बाबा बुडणार तर नाही?” असं विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. पुरात वैनगंगा कशी असते ते त्यानंही पाहिलं आहे. आपण काय काळजी घेतो ते सांगा: एकटं जात नाही, वीज चमकली की काठावर येतो, ट्यूब सोबत ठेवतो. पण हे सांगायचं तर आधी आपण तसं वागायला हवं. मोठ्यांसाठी एक आठवण: मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा 5 लाखांचा आहे. ज्यांचं नाव राहिलं असेल त्यांनी कार्यालयात यावं. आणि लहान लेकराला डोंग्यात घेऊ नका. काठावर हात धरून दाखवलं तरी त्याला सगळं दिसतं.

मायचं काम विसरू नका. टोपली घेऊन बाजारात बसणारी, भाव करणारी, तलावातला शिंगाडा उकडून विकणारी माय हीसुद्धा मासोळीचंच काम करते. तराजूजवळ लेकराला बसवा, पाव-अर्धा तिथंच शिकेल.

वास येतो म्हणाली तर रागावू नका. लिंबू लावून हात धुवा आणि सांगा, हा कामाचा वास आहे, घाणीचा नाही. घरी आपण मराठी बोलतो, शाळेत हिंदी. म्हणून त्याला हिंदी शब्दही द्या: “मेरे पापा मछुआरे हैं, मम्मी मछली बेचती हैं.” शब्द नसला तर लेकरू गप्प राहतं, आणि गप्प राहिलं की लाज वाटायला लागते.

येत्या 10 जुलैला, राष्ट्रीय मत्स्यपालक दिनाला, सभासदांनी लेकरांना घेऊन संस्थेत यावं. 1957 साली याच दिवशी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची अंडी मिळवली. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. आज हॅचरीतून बीज मिळतं ते त्यांच्यामुळे. बंदीचे दिवस असतात, बापही घरीच असतो. जाळं, तराजू आणि बीजाची हंडी आम्ही मांडून ठेवू. काय आहे ते प्रत्येक बापानं आपल्या लेकराला आपल्याच तोंडानं सांगायचं.

तो पहिलीतला पोरगा येणार आहे. त्याच्या बापानं त्या दिवशी झोपायचं नाही, असं बैठकीत ठरलं आहे.